हिवाळे सरांचं नमुना उत्तर

हिवाळे सरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. भांडण एका अनुस्वारावरून होतं आणि त्यात मी हरले, हे आधीच सांगून टाकते.

जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानांच्या गल्लीत एक छापखाना आहे. तिथं मी एकोणीस वर्षं कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पानं लावायचं काम केलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं, दहाव्याची कार्डं असलाच सगळा माल. पुस्तक म्हणावं असं क्वचित काही यायचं, आणि आलं की लेखक महाशय इतक्या तोऱ्यात असायचे की मी मुद्दाम त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायचे. शुद्धलेखनाच्या बाबतीत मी तिथली फौजदारच होते म्हणा ना.

तर एका शनिवारी एक किडकिडीत, सावळे गृहस्थ खाकी कापडाची पिशवी घेऊन आले. पायात रबरी चपला, शर्टाला कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. पिशवीतून त्यांनी शंभर पानी वही काढली. गोल, सुटं अक्षर. वर नाव लिहिलं होतं, 'चार लोकांत बोलायला जमंल'. मी टाइप करताना त्याचं 'जमेल' केलं आणि पुढच्या शनिवारी पानं त्यांच्या हातात दिली.

"ताई, माझा अनुस्वार कुठं गेला?"

"तो चुकीचा होता. जमेल असं लिहितात."

"कोन लिहितं?"

"सगळेच. पुस्तकांत तसंच असतं."

"मंग त्या पुस्तकातल्यांना जमत आसंल. माझ्या वाचनाऱ्याला कोनी 'जमंल' म्हनल्याबिगर जमायचं न्हाई."

मी म्हटलं, बाकीच्या पुस्तकांसारखं 'तुम्ही बोलू शकता' असं तरी नाव ठेवा, निदान भारदस्त वाटेल. ते खुर्चीत पुढं सरकून बसले. "'शकता' कोन म्हनतं हो आपल्याकडं? आई लेकराला 'तू जेवू शकतोस' म्हनती का? जेव म्हनती. लईच झालं तर, खाऊन बघ, जमंल, म्हनती." शेवटी आतला मजकूर माझ्या शुद्धलेखनानं आणि नाव त्यांच्या अनुस्वारासकट, असा तह झाला. पुढं त्यांची सगळी पुस्तकं त्याच चालीवर निघाली. 'अर्ज लिहायला जमंल', 'मुलाखत द्यायला जमंल', 'पाव्हन्यांत बोलायला जमंल'. अठ्ठेचाळीस पानं, मधे दोन पिना. बसस्थानकावरच्या स्टॉलवर आणि बाजाराच्या दिवशी चादर अंथरून बसणाऱ्यांकडं ती मिळायची.

सर तीर्थपुरीचे. तिथल्या एका शाळेत लिपिक होते, शिकवायला कधी उभे राहिले नाहीत. पण अख्ख्या गावाचे फॉर्म भरून द्यायचे म्हणून लोकांनीच त्यांना सर केलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुस्तकं लिहायला घेतली. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. छापखान्यात शनिवारी दुपारी अजूनही कुणीतरी दाराकडं बघतं.

मोठ्या शहरांतून येणाऱ्या यशाच्या जाडजूड पुस्तकांचा त्यांना राग नव्हता, पण त्यांची गंमत वाटायची. मुखपृष्ठावरच्या कोटातल्या माणसाकडं बघून ते विचारायचे, "ह्यो कोन्या गावचा? एसटीत जागा धरता येती का याला?" मी एकदा त्यांच्या पुस्तकाला म्हणून एक चित्र शोधलं होतं. उगवता सूर्य, डोंगराचं टोक, त्यावर दोन्ही हात वर करून उभा असलेला तरुण. सरांनी चष्मा वर करून ते पाहिलं. "याला काय पोलिसांनी पकडलंय का?" छापखान्यात महिनाभर आम्ही त्या चित्राला 'पकडलेला' म्हणत होतो. शेवटी मुखपृष्ठावर एक साधी लाकडी खुर्ची आली, रिकामी. मुलाखतीला जाणाऱ्या माणसाला आधी खुर्चीचीच भीती वाटते, असं त्यांचं म्हणणं होतं.

शेवटच्या पानावर ते स्वतःचा फोन नंबर छापायचे. मी नको म्हटलं होतं. लोक भलत्या वेळी फोन करतात आणि यांनी तो कधी उचलला नाही असं झालं नाही. घास तोंडात असतानाच "जयभीम, हिवाळे बोलतो," आणि मग पलीकडून कुणीतरी परतूरहून नाहीतर भोकरदनहून, सर, उद्या मुलाखत हाये, कोन्ता शर्ट घालू? "धुतलेला," सर सांगायचे. "आन नवी चप्पल घालू नको. चावली की सगळं ध्यान पायात जातंय." त्यांच्या बायकोला, सुमनबाईंना, या फोनांचा भयंकर जाच होता. मी एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले होते, तेव्हा त्या भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "ताई, ह्यांना इचारा, डॉक्टरपुढं बोलायला जमंल आसं पुस्तक कधी काढनार? दवाखान्यात गेले की ह्यांचं दुखनं मलाच सांगावं लागतंय." सर ताटात बघून हसत राहिले. हे खरंच होतं. पुस्तकात शूर असलेला हा माणूस डॉक्टरला, कुत्र्याला आणि माइकला सारखाच भ्यायचा. एका शाळेनं सत्काराला बोलावलं तर "पोट बिघडलंय" असा निरोप धाडून हे आमच्या छापखान्यात येऊन बसले होते.

सरांचा भाचा सांगायचा, मामा, आता मोबाइलवर व्हिडिओ काढा, पुस्तक कोण वाचतं. सर म्हणायचे, "मोबाइलमधला मानूस पुढं पळतो रे. पुस्तक थांबतं. ज्याला जल्दी समजत न्हाई त्यानं कुठं जायाचं?"

हे नुसतं बोलणं नव्हतं. त्यांची लिहायची एक पद्धत होती आणि तिच्यापायी आमची कितीतरी कामं रखडली. लिहिलेलं पान ते आधी एखाद्या माणसाच्या हातात देत. "यात लिव्हलंय तसं करा. मी बोलनार न्हाई." आणि मग समोर बसून नुसते बघत. चहावाला, रद्दीवाला, पत्रिका छापायला आलेला नवरदेव, कुणीही चालायचं. माणूस चुकला की सर खूश. "मानूस बराबर हाये, पान चुकलं," असं म्हणत ते लाल पेननं तिथल्या तिथं दुरुस्ती करायचे.

आमच्या मशीनवर सय्यदभाई होते. अर्जाच्या पुस्तकाच्या वेळी सरांनी त्यांना नमुना अर्जाचं पान दिलं आणि गल्लीतल्या बंद दिव्याबद्दल अर्ज लिहायला सांगितलं. सय्यदभाईंनी शाईचे हात पुसले, अर्धा तास जीभ बाहेर काढून लिहिलं आणि कागद पुढं केला. वर 'दिनांक: दिनांक'. खाली 'विषय: विषय'. मग दिव्याचं गाऱ्हाणं चांगलं चार ओळींत. आणि शेवटी 'आपला विश्वासू' याच्या खाली स्वच्छ अक्षरात 'सही'.

"हे सही आसं का लिव्हलं, सय्यदभाई?"

"तुमच्या पानावर हेच हाये ना सर. मैं क्या अपनी मर्जी से लिखूं?"

मी खुर्चीतून पडायची बाकी राहिले होते. सरांनी माझ्याकडं पाहिलं. आमच्या इतक्या वर्षांत तेवढे एकदाच ते माझ्यावर रागावले. "हसू नका ताई. ह्यो मानूस माझं पुस्तक शंभर टक्के मानून राह्यला. आसा वाचनारा मिळाला आन मी त्याला फसवलं." मग त्यांनी ते सगळं पान नव्यानं लिहिलं. 'इथं आजची तारीख घाला. इथं तुमचं स्वतःचं नाव लिहा, जसं तुम्ही नेहमी लिहिता तसं.' आमच्याकडं मुलं गाईडातली उत्तरं पाठ करून पास होतात. छापलेलं ते बरोबर आणि घरचं ते चूक, हे पहिलीपासून डोक्यात बसलेलं असतं. हे सरांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि तरीही एक पान त्यांच्या हातून तसंच सुटलं.

'मुलाखत द्यायला जमंल' या पुस्तकात एक प्रश्न होता, 'तुमचे वडील काय करतात?' त्याखाली नमुना उत्तर होतं. ते मला आजही पाठ आहे.

'माझे वडील सालगडी होते. दुसऱ्याचं शेत त्यांनी स्वतःचं समजून राखलं. मी आठवीत असताना ते वारले. आईनं खुरपायला जाऊन मला शिकवलं. दिलेला शब्द पाळायचा, हे मी वडिलांकडून शिकलो.'

टाइप करताना माझा हात थांबला होता. कुठून सुचतं या माणसाला, असं मनात आलं होतं. सुचलेलं नसेल, हे काही मनात आलं नाही.

पुस्तक निघून वर्ष झालं असेल. एका शनिवारी सर आत कागद कापायच्या यंत्राजवळ बसून प्रुफं तपासत होते आणि बाहेर एक धिप्पाड माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, डोक्या-कानाला रुमालाची टापर बांधलेली, नखांत सिमेंट. हातात ते पुस्तक, गुंडाळी केलेलं.

"ह्या पुस्तकावर हितला पत्ता हाये. कोनी लिव्हलं हे?"

मी म्हटलं, काय काम आहे? त्यानं पान उघडून माझ्यापुढं धरलं. "वाचा." मी वाचलं. तो माणूस ऐकत उभा राहिला आणि मग म्हणाला, "आता माझ्याकडं बघा आन सांगा. मी जित्ता हाये का मेलो?"

त्याचं नाव रंगनाथ मिस्त्री. अंबडचा गवंडी. त्याची मुलगी वर्षा, बी.ए. झालेली, जालन्यात एका कंपनीच्या ऑफिसातल्या जागेसाठी मुलाखतीला आली होती. मिस्त्रीनं कामाला सुट्टी टाकून तिला सोबत आणलं होतं आणि तिची सर्टिफिकिटं मांडीवर घेऊन तो बाहेर बाकावर बसला होता. आत तिला विचारलं, वडील काय करतात? तिनं धडाधडा नमुना उत्तर म्हटलं. सालगडी होते, मी आठवीत असताना वारले, सगळं. शेवटच्या 'शिकलो'चं तेवढं 'शिकले' केलं. साहेब लोक गंभीर झाले. एकानं मायेनं विचारलं, मग आज सोबत कोण आलंय तुमच्या? पोरगी म्हणाली, वडील आलेत.

आत हशा पिकला. एक साहेब दार उघडून बाहेर आला आणि मिस्त्रीला म्हणाला, काका, तुमच्या मुलीनं तर तुम्हाला मारूनच टाकलं.

हे सगळं मिस्त्रीनं आवाज न चढवता सांगितलं, म्हणून ते जास्त लागलं. सर कधी बाहेर येऊन उभे राहिले होते कळलंच नाही. ते भिंतीला धरून स्टुलावर बसले.

"मिस्त्री, पुस्तक माझं हाये," ते म्हणाले. "आन ते वडील बी माझेच हायेत."

मिस्त्रीनं ते पान त्यांच्यापुढं धरलं. "मंग तुमचे वडील माझ्या लेकीच्या तोंडात कसे गेले?"

मिस्त्री निघताना म्हणाला, "नोकरीचं जाऊ द्या. तीन हप्ते झाले, मी तिच्याशी बोललो न्हाई. बोलनार बी न्हाई. मेलेला मानूस बोलत नसतो." पुस्तक त्यानं माझ्या टेबलावर नीट सरळ करून ठेवलं आणि गेला.

त्या दिवशी सरांनी आम्हाला सांगितलं. तरुणपणी अंबडलाच एका जागेसाठी ते मुलाखतीला गेले होते. वडील काय करतात, असं विचारल्यावर सालगडी म्हणायची लाज वाटली, म्हणून म्हणाले, शेती करतात. साहेबानं पुढचा प्रश्न टाकला, किती एकर? त्यावर ते जे गप्प झाले ते उठेपर्यंत गप्प. जागा गेली. वडिलांना मरून तेव्हा सात वर्षं झाली होती. "येताना एसटीत सगळं उत्तर सुचलं बघा. आसं म्हनायला पायजे होतं, तसं म्हनायला पायजे होतं. चाळीस वर्षं डोक्यात होतं ते. मंग पुस्तकात टाकलं." मग ते म्हणाले, "सगळी पानं लोकांना वाचायला दिली. ते एक पान मी कुनाला दावलं न्हाई. समोर बसून कोनी ते वाचलं आसतं तर मला सहन झालं नसतं."

पुढचा महिनाभर सर पिशवीत पेन घेऊन फिरले. जालना, अंबड, घनसावंगी, जिथं जिथं पुस्तक ठेवलं होतं तिथं जाऊन त्यांनी शिल्लक प्रतींत त्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'हे उत्तर माझे आहे. तुमचे तुम्ही द्या.' स्टॉलवाले वैतागले. लाल पेननं गिरवलेलं पुस्तक जुनं वाटतं, गिऱ्हाईक घेत नाही. मलाही सरांचा राग आला होता. म्हटलं, पोरीनं डोकं न वापरता घोकलं, त्यात तुमचं काय चुकलं? ते फक्त म्हणाले, "मानूस बराबर हाये."

वर्षा एकदा छापखान्यात आली होती, सरांनीच बोलावलं म्हणून. बारीक चणीची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. सरांनी तिला एवढंच विचारलं की तुझ्या वडिलांचं का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "सर, तुमच्या पुस्तकातले वडील भारी वाटले. वाचून मला रडू आल्तं. आमच्या अण्णांचं काय सांगायचं? गवंडी हायेत." मग घाईनं म्हणाली, "तुम्ही अण्णांना हे सांगू नका." सरांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. लाज घालवायला म्हणून जे लिहिलं, त्यानंच या पोरीला तिचे वडील कमी वाटायला लावले होते. त्यांना स्वतःचीच मुलाखत पुन्हा दिसली असणार.

मग सर दर रविवारी तीर्थपुरीहून अंबडला जायला लागले. मिस्त्री जिथं बांधकामावर असेल तिथं जाऊन विटांच्या ढिगावर बसायचे. पहिल्या रविवारी मिस्त्री म्हणाला, जा. दुसऱ्या रविवारी काहीच म्हणाला नाही. तिसऱ्या रविवारी ओळंबा धरायला माणूस नव्हता तर त्यानं दोरी सरांच्या हातात दिली. सर मला शनिवारी हे सगळं सांगायचे, भिंत किती वर आली तेसुद्धा. घरात मात्र काही हलत नव्हतं. मिस्त्री पोरीच्या हातचं जेवायचा, तिनं धुतलेले कपडे घालायचा, पण काही सांगायचं झालं तर बायकोला. 'तिला म्हनावं दार लाव.' ती समोर उभी असली तरी तसंच. असा पावसाळा गेला, दिवाळी गेली.

हिवाळ्यात पुस्तकाची नवी आवृत्ती काढायचं ठरलं. त्या पानाचा मजकूर सर काही केल्या देईनात. एका शनिवारी म्हणाले, ताई, उद्या अंबडला चला, ते पान मिस्त्रीला वाचायला द्यायचंय. मी म्हटलं, सोमवारी छपाईची प्लेट करायची आहे, आता कसली परीक्षा घेताय? पण गेले. मलाही त्या माणसाला पुन्हा एकदा बघायचं होतं, खोटं कशाला बोलू.

मिस्त्रीचं घर त्यानं स्वतः बांधलेलं. अंगणात बाज टाकलेली. त्याची बायको दाराशी बसून शेंगा फोडत होती, वर्षा आत होती. सरांनी पान माझ्या हातात दिलं, कारण मिस्त्रीला लहान अक्षर दिसत नव्हतं. पानावर उत्तरं नव्हतीच, नुसते प्रश्न होते. मी पहिला वाचला, "तुमचे वडील काय करतात?"

"हे मला इचारून राह्यले का?" मिस्त्रीनं सरांकडं पाहिलं.

"तुम्हालाच. पान तपासायचंय."

मिस्त्री आधी अवघडला. मग म्हणाला, "दगड फोडायचा आमचा बाप." पुढं काही बोलणार नाही असं वाटलं, पण तो थांबलाच नाही. बाप दगडाला टिचकी मारून सांगायचा, हा फुटेल, हा नाही. त्यानं घडवलेल्या पायऱ्यांवरून आजून लोक चढून राह्यलेत. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा चपटा होता, घण बसून. लहानपणी आपण तो अंगठा धरून बाजारात जायचो. इतकं सगळं तो बोलला आणि स्वतःचाच डावा हात मांडीवर उलटासुलटा करून बघत बसला. त्याची बायको शेंगा फोडायची थांबली होती. तिनंही हे कधी ऐकलं नसावं.

मी दुसरा प्रश्न वाचला, "घरात कोण कोण आहे?"

"बायको," मिस्त्री म्हणाला. "थोरला लेक, त्यो वाळूजला कंपनीत हाये." आणि गप्प झाला. सर बाजेच्या कडेवर बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, मिस्त्रीकडंही नाही. जमिनीकडं बघत राहिले. मला वाटलं, झालं, इथंच हे पान संपलं, आणि कशाला आलो आपण.

तेवढ्यात वर्षा चहा घेऊन बाहेर आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं, डोळे लाल होते. तिनं सरांना दिला, मला दिला, अण्णांपुढं कपबशी ठेवली आणि वळली. मिस्त्रीनं बशीत ओतून एक घोट घेतला.

"साखर किती टाकलीस गं? पाक केला का चहाचा?"

अंगणात कुणी हललं नाही. वर्षा पाठमोरी उभी होती, ती तशीच म्हणाली, "दोनच चमचे टाकले, अण्णा."

"दोन चमच्याचा हाये का ह्यो? हिकडं ये. चाखून बघ."

ती आली. त्यानं बशी पुढं केली, तिनं त्याच्या हातातूनच एक घोट घेतला. "गोड झालाय," म्हणाली.

"मंग? मी काय खोटं बोलून राह्यलो का? जरा ध्यान देत जा," मिस्त्री म्हणाला आणि राहिलेला चहा पिऊन टाकला. त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. मी तिसरा प्रश्न वाचायला गेले तर सरांनी पान माझ्या हातातून काढून घेतलं, तो पाक एका दमात घशाखाली उतरवला आणि उठले. "चला, माझी गाडी निघंल." गाडीला अजून तासभर होता.

बसस्थानकात आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो. सरांनी पिशवीतून ते पान काढलं. मग म्हणाले, "ताई, नमुना उत्तर काढून टाका. खाली नुसत्या रेघा मारा."

"लोक म्हणतील छापायचं राहिलं. परत आणून देतील."

"आनू द्या. भांडू द्या. मी फोनवर सांगीन त्यांना."

"आणि तुमच्या वडिलांचं काय?" मी विचारलं. मला ते उत्तर काढायचं नव्हतं. इतक्या वर्षांत मी टाइप केलेल्या मजकुरात तेवढंच एक मला मनापासून आवडलं होतं, आणि मी तसं त्यांना सांगितलंही.

"त्यांना आता घरी न्यावं म्हन्तो," सर म्हणाले. "लई लोकांच्या तोंडी दिलं मी त्यांना."

गाडी लागली. पुढच्याच खिडकीत त्यांना जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन बसले, मला हात केला, आणि मग त्यांच्या चेहऱ्याचं काहीतरी झालं. रुमाल काढायलाही सुचलं नाही त्यांना. लहान मुलासारखे खांदे हलवून ते सगळ्या गाडीदेखत रडायला लागले. कंडक्टर मशीन घेऊन शेजारी उभा होता, "कुठं जायाचं बाबा?" म्हणून दोनदा विचारून झालं होतं. सर त्याच्याकडं बघत होते, तोंड उघडत होते, पण गावाचं नाव काही बाहेर येईना. मागचे लोक माना उंच करून बघायला लागले.

मी खिडकीच्या गजाला धरलं आणि खालून ओरडले, "तीर्थपुरी! एक हाफ!"